'तर'ची नवी आवृत्ती : कामाच्या नोंदी

१२ जून २०२४, बुधवार

मृगाचा पाऊस सुरू होऊन चार दिवस झाले आणि आज प्रकाशकांचे पत्र हाती आले. 'तर' (म्हणजे खाडीतून माणसे पलीकडे नेणारी होडी) हे माझे २४ पानांचे चित्रपुस्तक १९९८ साली निघाले, दहा वर्षांत त्याच्या प्रती संपल्या आणि त्यानंतर ते कुठल्याच दुकानात मिळेनासे झाले. ते आता पुन्हा काढायचे ठरते आहे. मूळ चित्रकार हयात नाहीत, जुन्या चित्रांच्या फिल्मही छापखान्यातून गहाळ झाल्या आहेत, त्यामुळे चित्रे नव्याने काढून घ्यावी लागतील. पहिली आवृत्ती दोन रंगांत होती, ही चार रंगांत होईल. पाने मात्र वाढवता येणार नाहीत, कारण १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पाने, आणि ८ पानांचा अर्धा असा हिशेब बसलेला आहे, आणि एक पान जरी जास्त झाले तरी आणखी अर्धा फर्मा धरावा लागून पुस्तकाची किंमत घेणाऱ्याला जड होते.

पत्रात दोन सूचना आहेत. शेवटच्या पानावर कठीण शब्दांचे अर्थ द्यावेत, आणि खाडीवर आता पूल झाला आहे याचा उल्लेख कुठेतरी यावा. पुस्तक काढायला होकार आजच कळवला. सूचनांबद्दल विचार करून लिहीन असे सांगितले.

माझ्या १९ पुस्तकांपैकी तुमचे आवडते कोणते, असे कोणी विचारले की मी याच पुस्तकाचे नाव घेते, पण ते का आवडते याचे नीट उत्तर मी आजवर कोणाला दिलेले नाही. या वेळी होणारा प्रत्येक बदल आणि त्याचे कारण लिहून ठेवले तर कदाचित ते उत्तर मलाही सापडेल, म्हणून ही वही सुरू केली आहे.

१५ जून, शनिवार

पुस्तक आज मोठ्याने वाचले. अकरा मिनिटे लागली. मुलांसाठी लिहिलेला मजकूर डोळ्यांनी तपासण्यात अर्थ नसतो, तो कानाने तपासावा लागतो, हे मला लिहायला लागल्यावर फार उशिरा समजले. देवगडकडचे विंदा करंदीकर आणि वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर हे याच किनाऱ्यावर जन्मलेले कवी. वसंत बापटांबरोबर गावोगाव फिरून ते आपल्या कविता लोकांना म्हणून दाखवत, आणि त्यांच्या मुलांच्या कवितांनाही तोंडात घोळल्याची ती गोलाई आहे. गद्याला तशी गोलाई आणायला मला १७ खर्डे आणि तीन वर्षे लागली.

गोष्ट लहानशी आहे. वैशाखातल्या एका सकाळी घरातले विरजण नासते, आणि सात वर्षांची मुलगी पहिल्यांदाच एकटी तरीत बसून खाडीपलीकडच्या आत्याकडे विरजण आणायला जाते. परतताना ओहोटी लागते, तर मध्येच चिखलात रुतते, आणि पाणी पुन्हा चढेपर्यंत साऱ्या उतारूंना तिथेच बसून राहावे लागते. एक आजोबा तापवलेल्या दुधाची किटली घेऊन निघालेले असतात. इतका वेळ उन्हात राहिले तर दूध फाटणार म्हणून ते हळहळतात, तेव्हा मुलगी आपल्या डबीतले विरजण किटलीतल्या दुधाला लावते. पाणी चढून तर हलते तोवर दही लागलेले असते. मुलगी तिन्हीसांजेला घरी पोचते. दारात उभी असलेली आई रागावत नाही, नुसते म्हणते, "तर?" आणि मुलगी सांगू लागते, "तर..." पुस्तक इथे संपते.

या गोष्टीचे बीज मला टपालाच्या थैलीबरोबर मिळाले. गावातल्या शाखा डाकघराचे काम मी ३० वर्षे केले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. डाकघर दिवसाचे चार-पाच तासच उघडे असे, त्यामुळे पहाटेचा वेळ लिहिण्यासाठी राहत असे. पूल होण्यापूर्वी थैली तरीने येई. मे महिन्यातल्या एका दिवशी ती सहा तास उशिराने आली, आणि तरीतून उतरलेली एक बाई मला सहज म्हणाली, "काय नाय बाय, दही लागायला जेवडा वेल लागतो तेवडाच लागला." भरतीचा वेळ आणि दह्याचा वेळ सारखाच आहे हे त्या बाईला कोणी शिकवलेले नव्हते. तिच्या एका वाक्यात आख्खे पुस्तक होते. मला फक्त त्याच्या आड न येण्याचे काम करायचे होते.

पण मी आड आले. पहिल्या खर्ड्यात आजोबा मुलीला सबुरीचे महत्त्व सांगत. दुसऱ्यात ते काम आई करी. पाचव्या खर्ड्यापर्यंत कोणी ना कोणी काही ना काही शिकवतच होते, कारण तोवर मी मासिकांना पाठवलेल्या सगळ्या गोष्टी तशाच होत्या आणि त्या तशा असल्यामुळेच छापून येतात अशी माझी समजूत होती. एकेक उपदेश काढत गेले तशी गोष्ट हलकी होत गेली आणि शेवटी चिखलातून सुटली. मला मुलांना जे सांगायचे होते ते सारे ज्यातून काढून टाकले, असे माझे हे पहिले पुस्तक. ते आवडण्याचे एक कारण तरी हे असावे.

२ जुलै, मंगळवार

जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या २२ मुलांना जुनी आवृत्ती वाचून दाखवली. किटली आणि दही आले तेव्हा मुले पुढे सरकून बसली होती. शेवटचे पान वाचले. आई म्हणते, "तर?" मुलगी म्हणते, "तर..." मी पुस्तक मिटले, आणि वर्गात शांतता पसरली. तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, पान उलटा ना. तर पुढं काय झालं?"

१९९८ साली याच ओळीला मुले हसत, टाळ्या देत. जी तर दिवसभर चिखलात अडकली होती तीच घरात, आईच्या तोंडून, पुन्हा सुटली हे त्यांना कळत असे, कारण 'तर' म्हणजे होडी हे ती मुले रोज बोलत आणि गोष्ट सांगताना 'तर' म्हणतात हेही ती रोज ऐकत. आजच्या २२ मुलांपैकी एकालाही पहिला अर्थ ठाऊक नव्हता. गोष्ट वाचताना 'तर' हे त्या होडीचे नाव आहे असा त्यांचा समज झाला होता, एखाद्या बैलाचे नाव सर्जा असावे तसा.

पूल झाला हे चांगलेच झाले. तरवाला रात्री तर सोडत नसे, उधाणाच्या वाऱ्यात दिवसाही सोडत नसे, आणि बाळंतीण अडली की पलीकडे न्यायचे कसे या चिंतेत गावाने अनेक रात्री काढल्या आहेत. तर गेल्याचे दुःख मुलांच्या माथी मारण्यासाठी मला हे पुस्तक पुन्हा काढायचे नाही. पण जो शब्द या गोष्टीच्या दोन्ही टोकांना बांधलेला आहे, त्याचे एक टोक सुटले आहे, आणि ते कसे बांधायचे हा आता या प्रकल्पातला खरा प्रश्न झाला आहे.

९ जुलै, मंगळवार

आठवडाभर उपाय करून पाहिले. 'तर' काढून सगळीकडे 'होडी' घातले, शेवट मेला. पहिल्या पानावर "पूर्वी खाडी ओलांडण्यासाठी होडी असे, तिला तर म्हणत" असे वाक्य घातले. गोष्ट सुरू होण्याआधीच पाठ सुरू झाला. त्याच शाळेत जाऊन हा मजकूर वाचला तेव्हा पहिलीची मुले त्या एका वाक्यातच खिडकीबाहेर पाहू लागली.

राहिली शब्दार्थांची यादी. प्रकाशकांचा हेतू चांगला आहे आणि शाळांकडून तशी मागणी येते हेही खरे आहे. पण शेवटच्या पानावरचा अर्थ गोष्ट संपल्यावर हाती येतो, आणि तोवर त्याची गरज संपलेली असते. शिवाय यादीत शिरलेला शब्द हा परीक्षेचा शब्द होतो. याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे शिक्षण उभे केले ते मुलांच्या अंगणातल्या वस्तूंपासून सुरू होत असे. शाळा मुलांकडे गेली, मुलांना आधी शाळेजोगे व्हावे लागले नाही. १९४५ सालापासून या किनाऱ्यावर हा धडा उपलब्ध आहे. वस्तू आधी, शब्द तिच्या पाठोपाठ. पण इथे वस्तूच उरलेली नाही, तेव्हा अंगणात काय मांडायचे, एवढ्यावर येऊन मी थांबले आहे.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. पावसाने उघडीप दिली म्हणून पालगडला जाऊन आले. साने गुरुजींचे हे जन्मगाव आमच्याच दापोली तालुक्यात आहे, तरी मी तिथे बऱ्याच वर्षांनी गेले. 'श्यामची आई' त्यांनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिले. माझ्या २४ पानांना लागलेली तीन वर्षे त्याच्या शेजारी ठेवून काही मोजावे असे मला वाटत नाही. त्यांच्या मनात ते पुस्तक आधीच आयुष्यभर लिहिले जात होते.

परतीच्या एसटीत मात्र एक गोष्ट जाणवली. त्या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण म्हणजे एकेक रात्र आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना आठवणी सांगतो आणि ते ऐकत बसलेले असतात, म्हणजे ऐकणारा माणूस पुस्तकाच्या आतच आहे, आणि वाचणारे मूल हळूच त्याच्या शेजारी जाऊन बसते. माझ्या पुस्तकात ऐकणारे माणूस फक्त शेवटच्या पानावर येते, आई "तर?" म्हणते तेव्हा. कदाचित ते पहिल्या पानावरही असायला हवे. कसे, ते अजून दिसत नाही, पण वहीत लिहून ठेवते आहे.

४ ऑगस्ट, रविवार

आज दिव्यांची अवस. दिवे उजळून झाल्यावर गोष्टीतल्या भरती-ओहोटीचे गणित तपासायला बसले, कारण पहिल्या आवृत्तीत एक चूक राहिली होती आणि ती गेली वीसेक वर्षे माझ्या मनाला लागून आहे.

किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ काढायला घड्याळाचे कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि तीच वेळ दिवसातून दोनदा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडाफार फरक पडेल, पण तर सोडायला एवढा हिशेब पुरे होई. मी गोष्टीतला दिवस अष्टमीचा ठेवला होता, तोही केवळ शब्द कानाला बरा वाटला म्हणून, आणि परतीची तर दुपारी एक वाजता सुटत होती. पुस्तक निघाल्यावर काही वर्षांनी एका वाचनानंतर एक वृद्ध मच्छीमार जवळ येऊन म्हणाले, "बाई, अष्टमीला पूर्न ओहोटी बाराला. एकच्या तरीला पानी चडत असतं. ती रुतंल कशी?" मला उत्तर देता आले नाही. ज्या मुलाच्या वडिलांचे पोट या पाण्यावर आहे त्या मुलाने ते पान वाचून मनात काय म्हटले असेल, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

आता वैशाख शुद्ध द्वादशी धरली आहे. सकाळी नऊला पूर्ण भरती, त्या वेळी मुलगी पलीकडे उतरते. आत्या तिला थांबवून घेते. बाराच्या सुमारास अर्धी ओहोटी झालेली असताना परतीची तर रुतते. तीनला पाणी तळाला जाते, आणि सहाच्या पुढेमागे ते पुन्हा रुतल्या वेळच्या पातळीला येते. सहा तास होतात, वैशाखाच्या उकाड्यात दही लागायला तेवढा वेळ पुरतो, आणि तिन्हीसांजेला मुलगी घरी पोचू शकते. द्वादशीचा चंद्र तेव्हा डोंगराच्या अंगाला वर आलेला, फिकट दिसत असतो आणि खाडीच्या तोंडाशी सूर्य मावळतीला असतो. हे दोन्ही एकाच जोडपानावर येऊ शकतील. चित्रकार मुलीला आजच कळवते.

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमेच्याच दिवशी कच्च्या रेखाटनांची अकरा जोडपाने आली. चित्रकार पुण्याची आहे, तरुण आहे, आणि तिच्या माणसांच्या हातांना फार चांगले वळण आहे. किटलीला विरजण लावणारा मुलीचा हात पाहून मी बराच वेळ त्याच पानावर थांबले.

पण खाडीच्या काठाला तिने नारळाची रांग काढली आहे आणि पाणी निळे ठेवले आहे. तिला लांब पत्र लिहिले. नारळ वाडीत असतात, माणसाने लावलेले असतात. खाडीच्या चिखलात उभी असतात ती चिपी आणि तिवर ही खारफुटीची झाडे. चिपीची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर येतात आणि ओहोटीला खुंट्या रोवल्यासारखी दिसतात. पांढऱ्या चिपीला २०२० साली राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला, तेव्हा निदान आमच्या पुस्तकात तरी ती दिसायला हवी. ओहोटीनंतर चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे लहान मासे, उड्या मारतात, त्या काढल्या तर सहा तास तरीत बसलेल्या मुलीला पाहायला काहीतरी मिळेल. आणि वैशाखातले खाडीचे पाणी निळे नसते, ते गढूळ हिरवे असते, मुगाच्या कढणासारखे. पत्राच्या शेवटी लिहिले, "हे सगळे कागदावर समजणार नाही. गणपती झाले की चार दिवस इकडे ये."

१२ सप्टेंबर, गुरुवार

गणपतीत काम बंद होते. आज गौरी-गणपतींचे विसर्जन झाले. भाद्रपद शुद्ध नवमी, म्हणजे पाऊणपटीने पावणेसातची भरती. दिवस भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, त्यामुळे पाणी फार चढले नव्हते, पण मूर्ती न्यायला पुरेसे होते. मुंबईहून आलेली मुले काठावर गोळा झाली होती. पूर्वी तर चालवणारे आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत; त्यांना खुर्चीवर बसवून आणले होते. पूर्वी गणपती तरीत बसवून खाडीच्या मध्यावर नेत, असे कोणीतरी म्हणाले, आणि पाच-सहा वर्षांच्या एका मुलीने आबांना विचारले, "आजोबा, तर म्हणजे काय?"

आबांनी काहीच सांगितले नाही. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पलीकडच्या काठाकडे तोंड करून हाळी दिली, "तर आण रेऽऽ!" त्यांचा आवाज आता पलीकडे पोचण्यासारखा राहिलेला नाही. पण सगळी मुले वळून पाण्याकडे पाहू लागली. ती मुलगी टाचा उंचावून म्हणाली, "कुठंय?"

अर्थ कोणीही सांगितला नव्हता. तरीसुद्धा पाण्यापलीकडे हाक मारल्यावर जे येते ते तर, एवढे त्या मुलांना कळले होते, इतके की ती तिची वाट पाहू लागली होती. दोन महिने मी अंगणात काय मांडायचे ते शोधत होते. आबांनी तिथे हाक मांडली. आणि हाकेबरोबर पहिल्याच पानावर ऐकणारेही आले, जे मी पालगडहून येताना शोधत होते. पलीकडच्या काठावरचा तरवाला ऐकतो, आणि पुस्तक धरून बसलेले मूलही ऐकते.

घरी येऊन हात धुतले आणि तसाच मजकूर बदलला. "खाडीच्या काठी एक गाव होते" हे जुने पहिले वाक्य आणि त्यामागचा परिच्छेद काढून टाकला. आता तिसरे पान, म्हणजे मजकुराचे पहिले पान, उजव्या हाताला येते, त्यावर मुलगी पाठमोरी, हात तोंडाशी, समोर मोकळे पाणी, आणि शब्द तेवढेच : "तर आण रेऽऽ!" पान उलटले की पूर्ण जोडपानावर येणारी होडी आणि खाली दोन शब्द : "तर आली." अर्थ सांगण्याचे काम आता पान उलटणाऱ्या बोटाकडे गेले आहे. मला चित्रपुस्तक हा प्रकार इतका प्रिय आहे तो यासाठीच. दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मुलाला काहीतरी करायला मिळते.

२६ सप्टेंबर, गुरुवार

चित्रकार मुलगी चार दिवस राहून आज गेली. पहिल्या दिवशी तिला ओहोटीच्या वेळी चिपीत नेले. गुडघ्यापर्यंत चिखलात उतरून तिने मुळांना हात लावून पाहिला आणि म्हणाली, "काकू, मी ती काटक्यांसारखी काढली असती. ही तर बोटांसारखी आहेत." एका वाडीत काजूखाली जुनी तर पालथी पडलेली आहे, तिचीही मापे घेतली, माझ्या चालीने ती आठ पावले भरली.

चालती तर दाखवायला नव्हती म्हणून दाभोळला गेलो. तिथून वाशिष्ठीच्या मुखावर धोपाव्यापर्यंत २००३ सालापासून मोटारी घेऊन जाणारी फेरीबोट चालते. लोखंडी दार खाली पडते, गाड्या आत शिरतात, दार उचलले जाते. आमच्या लाकडी तरीशी तिचे काहीच साम्य नाही. पण या मुलीने बोटीकडे पाहिलेच नाही. ती धक्क्यावर बसून वाट पाहणारी माणसे काढत राहिली. संध्याकाळी तिने आपली आधीची रेखाटने पुढ्यात घेतली आणि स्वतःहून म्हणाली की तिच्या तरीतली सगळी माणसे वाचकाकडे तोंड करून बसली आहेत, फोटोला बसावीत तशी, आणि वाट पाहणारी माणसे कधीच एका दिशेला पाहत नाहीत. तिने आजोबांना किटलीकडे पाहायला लावले, एकाला बोटाने पाणी मोजायला लावले, एका बाईला नुसते झोपवले. सहा तासांचा कंटाळा आणि आपलेपणा त्या एका पानावर उतरला. तेथल्या मजकुराची चार वाक्ये मी त्याच क्षणी खोडली. त्यांचे काम चित्राने केले होते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतल्याची बातमी रात्री ऐकली आणि मनापासून आनंद झाला. दिवसभर मी तरवाल्याच्या एका वाक्यावर बसले होते. पहिल्या आवृत्तीच्या वेळी, मुलांच्या कानावर शुद्ध भाषाच पडावी या आग्रहाखातर, त्याच्या तोंडी "पाणी कुठे जाते? येईल परत" असे वाक्य घातले गेले होते, आणि ते मी निमूटपणे मान्य केले होते. आता ते पुन्हा आबांच्या तोंडचे केले आहे : "पानी जातंय कुठं? येल परत." निवेदन प्रमाण मराठीतच राहील, मुलगी घरात बोलते तसे बोलेल, आणि तरवाला आपले बोलेल. ज्या मुलाच्या घरी असे बोलतात त्याला आपले घर छापलेले दिसेल. प्रकाशकांनी यावर आक्षेप घेतला नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीच्या सुटीआधी दुसऱ्या एका शाळेत नवा मजकूर वाचला. रंगीत पानांच्या सुट्या प्रती बांधून नेल्या होत्या. १७ मुले होती. "तर आण रेऽऽ!" म्हटले आणि पान उलटायला मुद्दाम उशीर केला, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी तीच हाळी दिली. दुसऱ्यांदा वाचताना सारा वर्ग ओरडत होता आणि शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

शेवटचे पान आले. आई म्हणाली, "तर?"

दुसरीतली एक मुलगी जोरात हसली आणि म्हणाली, "तिची आई तर मागतेय!" तिच्या शेजारणीने तिला कोपर मारले, "नाय गं, पुढं काय झालं सांग म्हनते." पहिली म्हणाली, "मग ती तर कुठून आणील घरात?" दुसरी म्हणाली, "सांगून." एवढे बोलून त्या दोघी थांबल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या, बरोबर कोण ते मी सांगावे म्हणून. मी पुस्तक त्यांच्या हातात दिले.

दोन-तीन मुलांना शेवट कळला नाही, हेही इथे नोंदवून ठेवते. त्यांच्यासाठी काही वाढवावे का, याचा घरी येऊन विचार केला आणि न वाढवण्याचे ठरवले. त्यांच्या वर्गात त्या दोघी आहेत.

शब्दार्थांची यादी देऊ नये असे प्रकाशकांना आज सविस्तर लिहिले, आणि त्या पानावर तिथीची पाऊणपट मांडून द्यावी असे सुचवले. मुलांना ती करून पाहता येईल, आणि खाडीवर जाऊन ताडताही येईल. पुलाचे वाक्य नको, पण शेवटच्या जोडपानावर, मावळतीच्या उजेडात, पुलाचे दोन अर्धवट खांब दूर दिसू द्यावेत, ही चित्रकार मुलीची कल्पना मला फार पटली आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या दोन्ही सूचना मान्य झाल्याचे कळले. भाऊबीज आटोपली आणि अंतिम प्रूफ आले. मजकूर पूर्वी साडेसहाशे शब्दांचा होता, तो आता पाचशेच्या आत आला आहे. द्वादशी सगळीकडे बरोबर पडली आहे. निवट्या आहेत, चिपीची मुळे आहेत, पाणी हिरवे आहे. आबांना तिसरे पान दाखवून आले, त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले आणि पाठमोऱ्या मुलीच्या तोंडाशी धरलेल्या हातांवर बोट ठेवून म्हणाले, "बरोबर धरलेत."

अकराव्या पानावर 'पानी'चे 'पाणी' झाले होते, ते परत केले. शेवटच्या पानावर मुद्रितशोधकांनी आईच्या "तर?" पुढे 'मग' घातला होता, वाक्य अपुरे वाटते म्हणून. तो काढला, समासात 'मूळ ठेवावे' असे लिहिले, आणि दुपारच्या थैलीत जाईल अशा बेताने पाकीट डाकघरात नेऊन दिले.